नमिताची कॉमेंट्री

रोह्याची नमिता गुडघ्यानं दगा देईपर्यंत कबड्डी खेळली. मैदान सुटलं, तरी सामने सुटले नाहीत. शेजारच्या अष्टमी गावच्या रूथबाईंनी तिला शाळेत इंग्रजी शिकवलेलं. डोळे गेल्यावरही बाईंचं कबड्डीचं वेड गेलं नव्हतं. नमिता त्यांना सामन्याला न्यायची आणि कानाशी सगळं सांगायची. बाईंचं नुसत्या गुणांवर भागत नसे. “ती मागं का सरली गो?” हे त्यांचं ठरलेलं.

पेणला महिलांच्या अंतिम सामन्याआधी पुंडलिकचा घसा बसला. खेळाडूंच्या चालीवर, अंगापिंडावर कोट्या करून हशा पिकवणारा हा तिथला नेहमीचा समालोचक. आयोजक हरेश हवालदिल झाला.

“आमच्या नमिताला द्या की माइक,” रूथबाई म्हणाल्या.

“आता बाईमाणूस कॉमेंट्री करणार!” मागून कुणीतरी कॉमेंट मारलीच. नमिता जागची हलेना.

“मला नाय जमायचं, बाई. विनोद नाय येत मला.”

“विनोद मागितलाय कुणी? कॉमेंट हा शब्द मूळचा लॅटिनमधला. आपल्या ‘मन’ शब्दाचा लांबचा भाऊबंद. मनाशी घोळवून उलगडलेला अर्थ, तो त्याचा मूळ अर्थ. शेरेबाजी मागनं चिकटली. आपल्या ‘टीके’चं तेच झालं. आधी अर्थ सांगायची, आता दोष काढते. जा, मला सांगतेस तस्संच सांग.”

नमितानं माइक घेतला. पहिली दोन वाक्यं बाईंकडे बघूनच म्हटली. मग खेळ रंगला आणि तिला स्वतःचा विसर पडला.

शेवटची चढाई, पेणची. पेणच्या मुली एका गुणानं पुढे, रोह्याच्या तिघीच मैदानात. कोपऱ्यातली पोरगी मागं सरकली. “घाबरली रे!” लोक ओरडले.

“नाय, घाबरली नाय!” नमिताचा आवाज खणखणला. “पेणच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात. आता गुण घेतलाच पायजे, नायतर चढाई करणारी बाद. म्हणून ती आत येणारच, आणि ही तिला वाट देतेय. तिघीच उरल्या असताना पकड झाली तर दोन गुण! बघा, घोट्यावर नजर हाय हिची...”

पोरीनं झेप घेतली, घोटा धरला, उरलेल्या दोघी तुटून पडल्या. पकड! रोहा एका गुणानं जिंकलं. पेणकरसुद्धा उभे राहून टाळ्या वाजवत होते. रूथबाई तर खुर्चीवरून उठून ओरडत होत्या, “दिसलं गो, मला दिसलं!”

पुंडलिक गर्दीतून वाट काढत आला. बसक्या आवाजात म्हणाला, “उद्या पुरुषांची फायनल हाय. माइक तूच घे.”

“घेते,” नमिता म्हणाली.