मामांचा पांढरा पडदा

बोटावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "अजून खारं हाय." आमच्या शेजारच्या मामांना तुम्ही पाहिलं असतंत, तर पहिल्यांदा असंच पाहिलं असतंत.

मामा कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. शिरोळकडच्या त्यांच्या बहिणीच्या, अक्कांच्या, विहिरीचं पाणी खारं झालेलं. तेच कॅनमधून आणून ते आमच्या गच्चीवर गोडं करायला बसत. गच्ची आमची, कारण सोलरचं गरम पाणी आमच्याकडे. वीस वर्षांचा शेजार, तरी मला 'पावणं'च म्हणत.

"ह्यो पडदा बघा, पावणं. भोकं हाईत, पण दिसायची न्हाईत. पाणी तापलं की वाफ पल्याड जाती, पाणी न्हाय."

"म्हणजे मीठ अलीकडंच?"

"तुमास्नी कळलं म्हंजे कुणालाबी कळंल की!"

पाणी त्या पडद्यावरून अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळायचं. पेटीत पडद्यापलीकडच्या गार पत्र्यावर वाफेचे थेंब जमायचे.

वर्षभरानं थेंब गोडा आला. मामांनी अक्कांना चाखायला बोलावलं. त्यांना पटलं, तर त्यांच्या गुऱ्हाळाच्या वाया जाणाऱ्या धगीवर मोठी पेटी बसवायची होती.

मामा त्यांना आणायला स्टँडवर गेले. पडदा चौकटीत वाळत होता, त्यावर मिठाचे डाग. घरात चहाचा कप न विसळणारा मी, पण त्या दिवशी मला मदतीचं भरतं आलं. भांड्यांच्या साबणानं पडदा लख्ख धुऊन ठेवला.

मामांनी आल्यावर तो पेटीत बसवला आणि पेला भरून पाणी काढलं. अक्कांनी घोट घेतला. "दादा, ही तर आमचीच खारी हीर की रं!"

मामांनी पडद्यावर पाणी टाकलं. ते ओघळेना, आत मुरायला लागलं.

"साबण लावला व्हय कुणी? त्यानं पडदा कामातनं जातोय."

"छे, न्हाय बा," मी म्हणालो.

मामांनी लगेच विश्वास ठेवला. "मग आपसूक गळणारा पडदा अक्काच्या दारात कुठल्या तोंडानं बसवू?" म्हणाले आणि पेटी उचलून घरी गेले. पुन्हा गच्चीवर आले नाहीत. पुढं दोन वर्षं मी त्यांना खरं सांगायचं म्हणून चहाला बोलवायचो आणि फुटबॉलवर बोलून उठवायचो.

यंदा मामा गेले. बाराव्याला अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या.

"दादाचं कुठं चुकलं, ते त्याला शेवटपतोर कळलं न्हाई बघा."

"अक्का, त्यो पडदा..." एवढं म्हणून मी तोंडावर रुमाल धरला. त्यांना वाटलं, मला हुंदका आलाय. त्यांनी पिशवीतून विकतच्या पाण्याची बाटली काढली. गावाकडं आता तेच पितात.

"घ्या, दोन घोट घ्या."

मी निम्मी बाटली संपवली.