बॉल गेल्यावर

"गेला न्हवं बॉल? मग उभा का रं?"

काकांचं हे वाक्य बेंगळुरूतल्या मारतहळ्ळीच्या आमच्या मैदानावर दर शनिवारी सकाळी इतक्या वेळा ऐकू यायचं, की मराठीचा गंध नसलेली पोरंही ते पाठ म्हणायची. अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. काकांचा हात ज्या दिशेला असायचा तिकडे पळायचं, एवढं कळलं की पुरे.

काका मूळचे कोल्हापूरचे. तरुणपणी पेठेच्या संघातून बचावाला, बॅक म्हणून, फुटबॉल खेळले, मग इंजिनियर होऊन बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात लागले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. बोली कोल्हापुरीच राहिली. फक्त तिच्यात थोड्याला 'स्वल्प' आणि बरंला 'सरी' हे कन्नड शब्द येऊन बसले. मी पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलो तेव्हा ते माझ्या वरच्या मजल्यावर राहत. त्यांची मुलगी मेलबर्नला असते. तिच्यामुळे त्यांना ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड लागलं आणि त्यांच्यामुळे मला.

तुम्ही हा खेळ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगतो. चेंडू लांबट, मैदानही लंबगोल. चेंडू पायाने मारायचा किंवा मुठीने ठोसून जोडीदाराकडे द्यायचा. उंच खांबांमधून पायाने पार केला की गोल. गोलकीपर मात्र नसतो. काका यावरच फिदा होते. "गोलकीपर न्हाई म्हंजे सगळेच गोलकीपर. हितं कुणाला सुट्टी न्हाई."

शनिवारी दुपारी आम्ही त्यांच्याकडे टीव्हीवर सामने बघायला जमायचो. मधोमध काकूंनी केलेलं भडंग. मेलबर्नच्या एका संघाच्या स्टारवर आम्ही सगळे जीव टाकायचो. तो हवेत असा उडी मारायचा की खाली यायचं विसरलाय असं वाटावं. त्याने गोल केला की आम्ही ओरडायचो आणि काका भडंग खात राहायचे.

"काका, काय गोल मारला!"

"मारला की. आता बॉल गेलाय त्यांच्याकडं. ह्यो बघ कसा कमरेवर हात ठेवून उभा हाय."

"अहो, तो फॉरवर्ड आहे. त्याचं काम गोल करणं. पळून दमला तर गोल कोण करणार?"

"आणि त्यानं सोडलेल्या माणसामागं कोण पळनार? तुजा बा?"

मी चिडायचो. आकडे काढायचो, तिथल्या समालोचकांचे दाखले द्यायचो. काकू आतून म्हणायच्या, "अहो, पाहुण्याला बोलू द्या." काका लगेच म्हणायचे, "बोल की. मी कुठं तोंड धरलंय?" आणि मी तोंड उघडलं की टीव्हीकडे बोट दाखवायचे. स्टार हटकून तेव्हाच उभा असायचा.

शनिवारी सकाळी हाच खेळ खेळणाऱ्या आमच्या संघातही एक स्टार होता. वैभव, नागपूरचा, माझ्याच ऑफिसातला. कुठल्याही कोनातून गोल करायचा. पण चेंडू गेला की मोजे वर ओढत उभा राहायचा. मागे बचावाला असायचा मंजू, कोरमंगलात राहणारा म्हैसूरचा शांत माणूस. वैभवने सोडलेला खेळाडूही त्याच्याच अंगावर यायचा. गोल झाला की सगळे ओरडायचे, "मंजू!" आणि मंजू हात वर करून म्हणायचा, "सॉरी, सॉरी."

काका आमचे कोच होते. ते वैभवला समजावत राहिले. वैभव हसून म्हणायचा, "काका, मी गोल करतो ना? मग टेन्शन कायले घेता?"

मग चेन्नईच्या संघाशी अंतिम सामना आला. मैदान देवनहळ्ळीजवळचं, शेतात प्लॉट पाडून लेआउट होता होता राहिलेलं. अर्ध्या वेळेला आम्ही पुढे होतो, तेही वैभवच्या गोलांमुळे. पण वैभवचा माणूस मोकळा सुटत होता आणि मंजू एकटा दोघांना धरून धापा टाकत होता. विश्रांतीत कुणीतरी मंजूवर खेकसलं, "तुझ्यामुळे हरणार आपण."

काका उठले. "वैभव, तू बस आता."

आम्हाला वाटलं, थट्टा आहे. वैभवने बाटली फेकली. सामन्याची सगळी व्यवस्था बघणारा आमचा मॅनेजर धावत आला. मी म्हणालो, "काका, हा वेडेपणा आहे. फायनल आहे ही!"

"म्हनूनच बसवलाय. माघारी पळनार असंल तर आत्ता आत जाऊ दे. काय रं, पळशील?"

वैभव मान फिरवून म्हणाला, "ते माझं काम नाही."

"सरी. मग बस."

"त्याला आत घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही नाही," मॅनेजर म्हणाला.

"पुढचं वरीस पुढं. आज मी हाय न्हवं?"

आम्ही एका गोलने हरलो.

परतीच्या बसमध्ये काकांच्या शेजारी कुणी बसेना. शेवटी मी बसलो, तेही भांडायलाच. "तुमच्या हट्टापायी कप गेला," मी म्हणालो.

"व्हय, माज्यामुळंच गेला. हरल्यावर मंजूला कुणी बोललं?"

मी मागे पाहिलं. मंजू खिडकीला डोकं टेकून झोपला होता. खरंच, हरल्यावर त्याला कुणी काही बोललं नव्हतं. सगळे काकांवरच तुटून पडले होते.

"आमच्या पेठेच्या फायनलला," काका हळू म्हणाले, "आमचा हिरो बॉल घालवून उभा राहिला. दोघं आले माज्यावर. एकाला धरला, दुसऱ्यानं गोल घातला. हिरोच्या गळ्यात तरीबी फुलांचा हार. आणि मी चहा प्यायला गेलो की लोक म्हनायचे, ह्यो बघा गोल खाल्लेला. आई भाजी आनायला जाईना झाली. बेंगळुरूची नोकरी आली तवा पयलं काय वाटलं सांगू? हितं मला कुणी वळखनार न्हाई."

मग मागे मंजूकडे बघून म्हणाले, "परत तीच वेळ आली तर परत बसवीन वैभवला."

मला अजूनही वाटतं, वैभवला खेळवायला हवं होतं. पुढच्या वर्षी दुसरा कोच आला, वैभव खेळला आणि आम्ही कप जिंकलो. तोवर काका-काकू मुलीकडे मेलबर्नला कायमचे गेले होते. मी मैदानावरूनच कपासह संघाचा फोटो पाठवला. उत्तर आलं: "अभिनंदन. मंजू कुठाय फोटोत?"

मंजू कडेला होता, अर्धा कापलेला. वैभवने माझ्या खांद्यावरून ते उत्तर वाचलं. मग मंजूला हाक मारली, कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "चल, दुसरा फोटो काढू."

परवा काकांच्या मुलीने एक फोटो पाठवला, तक्रारीसकट: "बाबांना जरा समजाव. आजूबाजूचे लोक वळून बघतात." टीव्हीवरच्या आमच्या त्याच स्टारने गोल केलाय. सगळं स्टेडियम हात उंचावून उभं आहे आणि त्या गर्दीत काका हाताची घडी घालून बसलेत. शेजारी त्याच संघाचा मफलर घातलेला एक गोरा म्हातारा, तोही बसलेला.

मी फोन केला. "काका, तो कोण? त्याला तुमचं पटलं की काय?"

"छ्या! गुडघे दुखत्यात त्याचे," काका म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर ह्याच स्टारच्या पुढच्या गोलला त्याच्या नातवानं उठवायला हात दिला त्याला. तरीबी उठला न्हाई."