मण्यांच्या क्लासातल्या बायका

मण्यांचा क्लास म्हणजे हात अडकलेले आणि तोंड मोकळं! किस्से साठणारच. भिवंडीत माझ्या घरी दुपारी बायका मण्यांचं विणकाम शिकायला येतात. कुठलाही किस्सा सांगायला घेतला की मी हसतच सुरू करते. शेवटपर्यंत ते हसू टिकत नाही, एवढंच.

*

शेजारी कापडाच्या लूमचा कारखाना होता. मशिनी सुरू झाल्या की ताटलीतले मणी आपोआप चालायला लागायचे! नवीन बाई दचकून म्हणायची, "भूकंप?"

मी म्हणायचे, "नाही गं, शिफ्ट सुरू झाली!"

*

शबानाभाभीचा नवरा त्याच कारखान्यात. लूमच्या खडखडाटात त्याचे कान गेलेले, त्यामुळे भाभीला ओरडून बोलायची सवय. "दीदी, सुई में धागा गया!" ही बातमी अख्ख्या गल्लीला कळायची.

एकदा म्हटलं, "भाभी, जरा हळू."

"आहिस्ता बोलूँ तो घर में सुनेगा कौन?"

पुढे कारखाना बंद पडला. दोघं कायमची गावी निघाली. निरोप घ्यायला आली तेव्हा भाभी इतकं हळू बोलली, की मला पुन्हा विचारावं लागलं, "काय म्हणालीस?"

*

वैशाली गोडाऊनमध्ये पॅकिंगला. ड्युटी संपवून थेट क्लासला यायची आणि सुई हातात धरूनच झोपायची. आम्ही तिला उठवत नसू. कुणीतरी तिची विणायला घेतलेली मण्यांची पर्स अलगद काढून घ्यायचं आणि चार ओळी विणून परत मांडीवर ठेवायचं.

जाग आली की बघत बसायची. "मॅडम, मी झोपेत किती छान विणते हो!"

*

लताकाकू जवळच्याच वळ गावच्या. मी सगळ्यांना मोर शिकवत होते. काकू म्हणाल्या, "मोर नको. मी गाय करीन."

केली. मी म्हटलं, "काकू, गाय फारच बारीक झाली हो!"

"शेवटी शेवटी तशीच व्हती ती." मग सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "गोठा व्हता तिथं आता ट्रक लागतान."

*

याच लताकाकूंच्या मनीषाचं लग्न ठरलं. रुखवतात ठेवायला काकूंनी मोत्यांचं तोरण विणायला घेतलं. पण कोपरा काही जमेना! दर वेळी वाकडा. मनीषा स्कूटीवरून आईला न्यायला यायची आणि दारातूनच ओरडायची, "आई, लग्न पुढं ढकलू का गं? तुझं तोरण काय होत न्हाय!"

सगळ्याजणी हसायचो. काकू सगळ्यांत जास्त.

लग्नाच्या तोंडावर मनीषाला डेंग्यू झाला. मनीषा गेली.

काकू आता येणार नाहीत, असंच आम्ही धरून चाललो होतो. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी नेहमीच्या वेळेला आल्या. आपल्या जागेवर बसल्या आणि पिशवीतून तोरण काढलं. पुरं झालेलं होतं. सगळे कोपरे सरळ.



तोरण माझ्यापुढं सरकवत काकू म्हणाल्या, "बाई, यात चूक हाय. उसव."

मी मांडीवर पसरून ओळ न् ओळ तपासली. "काकू, यात कुठंच चूक नाही."

"हाय. नीट बघ."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग कात्री घेतली. मोती वाटीत पडत राहिले. शेवटचा पडला. मग काकूंनी वाटी जवळ ओढली, नवा दोरा तोडला आणि माझ्यापुढं धरला.

"हां. आता शिकव. पयल्यापासून."