निळी बादली आणि धोतऱ्याचं बोंड

समुद्र आमच्यापासून दिवसभराच्या वाटेवर, आणि नळाला पाणी येतं तेही आठवड्यातून एखाद वेळी. अशा गावात मी घरात खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि तीत सी अर्चिन, म्हणजे काट्यांच्या गोळ्यासारखा समुद्री जीव पाळला, तेव्हा सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "धोतऱ्याचं बोंड हाय हे! याला काय पाळायचं?"

पण बोंड लई नखरेल निघालं. काचेवरचं शेवाळ खरवडत फिरायचं आणि शिंपले उचलून डोक्यावर मिरवायचं. नावं ठेवत ठेवत सासूबाई रोज बघायला यायच्या. "आज दोनच घातलेत. लग्नाला जायचं नाय वाटतं!"

टाकीतलं थोडं पाणी अधूनमधून बदलावं लागतं. त्यासाठी फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून मी ते आदल्या दिवशी निळ्या बादलीत झाकून ठेवायची. एकदा नेमका पाणी बदलायच्या सकाळीच नळ आला. नळ आला की शिळं पाणी ओतून सगळी भांडी ताजी भरायची, ही आमच्याकडची रीत. मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले, निळी बादली उचलली आणि टाकीत ओतली.

थोड्या वेळानं बघते तर बोंड काचेवरून सुटून तळाशी पडलेलं. काटे मरगळलेले, शिंपले विखुरलेले. मी बादलीच्या तळाला बोट लावून चाखलं. गोडं पाणी!

"आत्याबाई, यातलं पाणी कुठंय?" मी सासूबाईंना विचारलं.

"मोरीत ओतलं. शिळं होतं की."

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले. त्या आत जाऊन पिण्याच्या पाण्याचा भरलेला जार ओढत घेऊन आल्या. "घे, कालव मीठ. आपण नळाचं उकळून पिऊ." मी टाकीत हळूहळू खारं पाणी सोडत बसले. त्या शेजारी बसून म्हणत होत्या, "हाल बाबा, हाल." मला रडूच आलं.

दोन-तीन दिवसांनी मी भाकरी थापत होते, तर बाहेरून ओरडा आला. "अगं बाई, पळ! टोपी घातली त्यानं!" एकच शिंपला होता, तोही तिरका. पिठाच्या हातानंच मी त्यांना मिठी मारली.

पुढच्या खेपेला नळ आला तेव्हा घरातला तांब्या न् तांब्या भरून झाला. सासूबाई मात्र निळ्या बादलीच्या झाकणावर हात ठेवून बसलेल्या. शेजारीण डोकावून म्हणाली, "काकू, ही राहिली की! पाणी जाईल आता."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "यात आमच्या बोंडाचा समुद्र हाय."