सातातलं एक मत

शरयूकाकूंच्या गॅरेजमध्ये गाडीला कधी जागा मिळाली नाही. तिथे दिगंबरकाका होते, एकशेचाळीस वेळा. निळ्या पुठ्ठ्याच्या पाट्या, त्यांवर पांढऱ्या अक्षरांत काकांचं नाव, खाली 'स्टेट हाउस', म्हणजे तिथली विधानसभा, आणि त्याखाली साल. चौऱ्याऐंशीच्या पाट्या शहाऐंशीला वापरायच्या म्हणून 'स्टेट हाउस'वर 'काँग्रेस' चिकटवलं होतं. अठ्ठ्याऐंशीला काका पुन्हा स्टेट हाउसला उभे राहिले, तेव्हा ते 'काँग्रेस' सोलून काढायची वेळ आली. सोलायला काकू आणि मी. जुलै महिना, जॉर्जियाचा उकाडा, आणि नखात डिंक.

"तीन निवडणुका झाल्या, पाटी तीच," काकू म्हणाल्या. "आणि सोलणारीही तीच."

मी तेव्हा तिथून तासाभरावरच्या विद्यापीठात एम. एस. करत होते. काकू माझ्या नात्यातल्या नव्हत्या. सांगलीत माझ्या मावशीच्या वर्गात होत्या, एवढ्याच धाग्यावर दर शनिवार-रविवार मला घरी न्यायच्या आणि जेवायला घालायच्या. त्या बदल्यात मी पाट्या सोलायचे, पाकिटांवर पत्ते लिहायचे. काकू हे सगळं कशाच्या बदल्यात करत होत्या, ते मी कधी विचारलं नाही. बावीस वर्षांच्या संसाराला असं कोणी विचारत नाही.

दिगंबरकाका चिनी मातीच्या कारखान्यात केमिस्ट. तो सगळा प्रदेशच या मातीचा. रस्त्याच्या कडेला पांढरे खड्डे, आणि पाऊस पडला की ओढ्यांना दूध आल्यासारखं दिसायचं. काका सदुसष्ट साली आले, काकू वर्षभराने. मॅडन काउंटीत, त्या अख्ख्या जिल्ह्यात, आमची माणसं म्हणजे दोनच घरं. एक हे, दुसरं एकनाथकाका आणि मीनाक्षीकाकूंचं. उत्तरा, काकूंची मुलगी, क्युपर्टिनोला नोकरी करायची आणि रविवारी फोनवर म्हणायची, "डॅड, प्लीज, नॉट अगेन."

काकांना निवडणुकीचं वेड कसं लागलं, ते काकू एका वाक्यात सांगायच्या: "गटारामुळे." एक्याऐंशी साली त्यांच्या गल्लीत पाणी तुंबलं. काका काउंटीच्या बैठकीत तक्रार घेऊन गेले. तिथे तीनदा त्यांचं नाव विचारलं, तीनदा चुकीचं लिहिलं आणि पाचव्या महिन्यात पाइप बसवला तो शेजारच्या गल्लीत. काका घरी येऊन म्हणाले, "खोलीच्या आत असल्याशिवाय इथे कोणी ऐकत नाही." हे मला अजूनही खरं वाटतं. पण घरातही एक खोली असते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

उभे राहिले ते रिपब्लिकन म्हणून. तत्त्व वगैरे फारसं नव्हतं. "जिथे रांग नाही तिथे उभं राहावं," असं म्हणायचे. आणि रांग खरंच नव्हती. राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत काउंटीतले लोक हवं ते करोत, पण शेरीफपासून काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनरपर्यंत सगळी स्थानिक माणसं ठरायची ती ऑगस्टमधल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानात. नोव्हेंबरचं मतदान म्हणजे नुसती पंगत, स्वयंपाक ऑगस्टमध्येच झालेला. प्रायमरीच्या दिवशी केंद्रावर गेलं की मोठ्याने सांगायचं, मला या पक्षाचा कागद द्या. मतपत्रिकेचा हा कागद एकच मिळतो. रिपब्लिकन कागद घेतला की शेरीफ नाही, कमिशनर नाही, गावातलं कोणीच नाही. त्यामुळे तो कागद मागणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

चौऱ्याऐंशीला काका स्टेट हाउसला पडले, चारास एक या हिशेबाने. शहाऐंशीला थेट वॉशिंग्टनला निघाले, म्हणजे काँग्रेसच्या, तिथल्या संसदेच्या, प्रायमरीत उभे राहिले, आणि तिघांत तिसरे आले. दोन्ही वेळा काकूंनी संध्याकाळी जेवणं उरकून शेकडो फोन केले. काकू नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या पिढीतल्या. सुरुवातीला म्हणायच्या, "आय ॲम कॉलिंग फॉर माय हजबंड." काका वैतागायचे. "अगं, नाव घे. मतं नावाला पडतात." मग काकूंनी नाव घेतलं. जे लग्नात उखाण्यात एकदाच घेतलं होतं, ते चारशे अनोळखी लोकांना ऐकवलं. निम्म्यांनी फोन मध्येच ठेवला.

आता लायब्ररीबद्दल सांगते, कारण काकूंचं सगळं तिथे होतं. त्या काउंटीच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करायच्या. शनिवारी सकाळी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्या. अकरा वर्षं, एकही शनिवार चुकवला नाही. काळी-गोरी मुलं एका सतरंजीवर बसायची, जे त्या गावात दुसरीकडे कुठे मी पाहिलं नाही. काकूंच्या इंग्रजीला सांगलीचा सूर होता आणि मुलांना तोच आवडायचा. अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक कमिशनर म्हणू लागला की शनिवारी लायब्ररी उघडी ठेवणं परवडत नाही. तो त्या ऑगस्टमध्ये पुन्हा उभा होता. विरोधात एक निवृत्त शाळामास्तर होते. म्हणजे लायब्ररीचा फैसला त्या दोघांत, डेमोक्रॅटिक प्रायमरीत, दुसऱ्या कागदावर.

काकूंनी काकांना विचारलं होतं. मी तिथेच बसले होते. जून महिना, उमेदवारीचा अर्ज भरायच्या आदला दिवस. काका जेवणाच्या टेबलावर मतदारांच्या यादीवर खुणा करत होते.

"अहो, या वेळेला राहू दे ना. मला तो दुसरा कागद घ्यायचाय. लायब्ररीचं आहे."

"हो, हो, बघू," काका म्हणाले आणि पुढच्या नावावर खूण केली.

काकांच्या विरोधात या वेळी प्रायमरीतच एक जण होता, डॅनी पर्किन्स नावाचा विमा एजंट. त्यामुळे एकेक मत लाखमोलाचं. उमेदवाराच्या बायकोने दुसऱ्या पक्षाचा कागद मागितला असता, तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं.

ऑगस्टातल्या त्या मंगळवारी मीच काकूंना अग्निशामक केंद्रावर घेऊन गेले. आमच्या भागाचं मतदान तिथे व्हायचं. मला मत नव्हतं, विद्यार्थी व्हिसा. दारातल्या बाकावर बसून मी ऐकत होते. यादी घेऊन बसलेल्या बाई काकूंना ओळखत होत्या, त्यांची नातवंडं गोष्टी ऐकायला यायची. काकूंनी रिपब्लिकन कागद मागितला, तसा त्या बाईंनी हात थांबवला.

"हनी, आर यू शुअर? लायब्ररी इज ऑन द अदर वन."

"आय नो," काकू म्हणाल्या.

त्या पडद्याआड गेल्या आणि जरा वेळाने बाहेर आल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "चल, भेंडी घेऊ."

निकाल गुरुवारच्या साप्ताहिकात आला. पर्किन्स दोनशे चौदा, काका एकशेएकतीस. तो कमिशनर अकरा मतांनी निवडून आला. काकूंनी ही दुसरी बातमी उभ्याने वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि कुकर लावला. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण त्या फक्त थकलेल्या दिसल्या.

काकांना मात्र हरल्याचं फारसं काही नव्हतं, त्याची सवय होती. त्यांची नजर अडकली ती केंद्रवार आकड्यांच्या तक्त्यात. अग्निशामक केंद्र: काका सहा, पर्किन्स एक.

सात मतं. आणि हे सातही कोण, ते काकांना पाठ होतं. ते स्वतः, काकू, एकनाथ, मीनाक्षी, ओहायोहून निवृत्त होऊन आलेले कर्नल आणि त्यांची बायको, आणि काकांनी स्वतः गाडीतून आणलेली एक म्हातारी शिक्षिका.

"कर्नलच्या अंगणात माझी पाटी आहे," काका म्हणाले. "त्या शिक्षिकाबाईंनी माझा हात धरून सांगितलं, मत तुम्हालाच. मग राहिलं कोण?"

काकू भाजी निवडत राहिल्या. मी म्हटलं, "काका, एका मताने काय होणार होतं? त्र्याऐंशीने गेलं."

"त्र्याऐंशीचं सोड. प्रश्न एकाचा आहे."

गुप्त मतदान म्हणतात त्याला. पण सात जणांत कसलं आलंय गुप्त! घरातल्या घरात चोर पकडण्यासारखंच ते. दोन आठवडे काका त्या एकाच्या मागे होते, आणि हळूहळू तो एक एकनाथकाका झाले. का, तर होळीला एकनाथकाका चेष्टेने म्हणाले होते, "अरे यार दिगंबर, किती वेळा पडणार?" झालं. तेवढं पुरलं.

आता इथे गणपतीचं सांगायला हवं. एकनाथकाका नागपूरचे, रस्ते खात्यात इंजिनियर, पण बोटांत कसब. पंधरा वर्षं दोन्ही घरांचा मिळून एक गणपती ते हाताने घडवत, आणि त्याची माती काका कारखान्यातून आणत. शाडूपेक्षा पांढरी आणि मऊ. ऑगस्टच्या शेवटी दोन बादल्या माती द्यायची, चतुर्थीपर्यंत मूर्ती वाळायची, हा त्या दोन घरांचा ठरलेला क्रम. त्या वर्षी एकनाथकाकांचा फोन आला, आणि काका म्हणाले, "यंदा मातीचं जमणार नाही."

माती मागच्या पडवीत आणून ठेवलेली होती. ओल्या गोणपाटाखाली. काकू रोज त्यावर पाणी शिंपडायच्या.

पुढच्या शनिवारी एकनाथकाका स्वतः आले, दोन रिकाम्या बादल्या घेऊन. त्यांना वाटलं होतं, काकांना बरं नसेल. शनिवार होता तरी काकू घरीच होत्या. नव्या महिन्यापासून शनिवारी बंद व्हायची लायब्ररी आत्तापासूनच बंद झाली होती. मी टेबलाशी बसले होते. काका उठलेसुद्धा नाहीत.

"एकनाथ, खरं सांग. तू कोणाला मत दिलंस?"

एकनाथकाका आधी हसले. मग त्यांना कळलं की हा प्रश्न चेष्टेतला नाही.

"दिगंबर, पंधरा वर्षं झाली यार."

"मग सांगायला काय हरकत आहे?"

"मी नाही सांगणार," एकनाथकाका म्हणाले. "मीनाक्षीलाही विचारू नकोस. तुझी माती राहू दे. बाजारातून कसला तरी गणपती आणू." त्यांनी बादल्या उचलल्या आणि दाराकडे वळले.

"भाऊजी, थांबा," काकू म्हणाल्या. ओट्यापाशी उभ्या होत्या, हात पिठाचे. "ते मत माझं आहे."

एकनाथकाकांच्या हातातल्या बादलीची कडी तेवढी खाली पडून वाजली.

"तुझं?" काका म्हणाले. "तू पर्किन्सला..."

"मला त्याचं नाक-तोंडही माहीत नाही. तुमच्या नावापुढे खूण करायला हात गेला होता. मग दुसऱ्या नावापुढे केली."

"पण का?"

"दमले मी," काकू म्हणाल्या. "आणखी काय सांगू? दमले."

काकांचा चेहरा बघवत नव्हता. राग यायला हवा होता, तोही येत नव्हता. शेवटी म्हणाले, "मला सांगायचं होतंस. मी उभाच राहिलो नसतो."

काकूंनी पदराला हात पुसले.

"चौऱ्याऐंशीला सांगितलं. शहाऐंशीला सांगितलं. जूनमध्ये याच टेबलावर सांगितलं, ही पोरगी बसली होती इथे. तुम्ही 'हो, हो, बघू' म्हणालात." त्या ओट्याकडे वळल्या. "बावीस वर्षांत माझं एक म्हणणं तुम्हाला ऐकू आलं. तेही पेपरात छापून आल्यावर."

मी खाली बघत होते. एकनाथकाका दाराकडे बघत होते. अशा वेळी पाहुण्याने काय करायचं असतं, ते आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

काका उठले. एकनाथकाकांच्या हातातून बादल्या घेतल्या आणि पडवीत गेले. मातीत फावडं घुसल्याचा आवाज आला, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. दोघांनी मिळून बादल्या गाडीत ठेवल्या. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण गाडी लगेच निघाली नाही.

काका आत आले तेव्हा कोपरापर्यंत पांढरे झाले होते. हात धुतले नाहीत. ओट्याच्या अलीकडे, उंबऱ्यापाशी थांबतात तसे थांबले.

"ते लायब्ररीचं," ते म्हणाले. "काय म्हणत होतीस तू?"

काकू पोळी लाटत होत्या. त्यांनी ती लाटून पूर्ण केली, तव्यावर टाकली, आणि मग काकांकडे न बघता म्हणाल्या, "आता काय. निकाल लागला त्याचा."