शेजारच्या संगणकावरचा चेहरा

रिकाम्या खुर्चीसमोर उजळलेला चेहरा तुम्ही कधी पाहिलाय? प्रवेश परीक्षेत माझ्या शेजारच्या संगणकावर गैरहजर मुलीचा फोटो तीन तास तसाच होता. मी उत्तर निवडलं की ती माझ्याकडे बघतेय असं वाटे.

पेपर सुटल्यावर तोच चेहरा फाटकाबाहेर उभा दिसला.

"आमची पहिली एसटीच गेट बंद झाल्यावर पोचते," ती वॉचमनला सांगत होती.

"मग आदल्या रात्री यायचं, पोरी."

"राहू कुठं काका, तुमच्या खुर्चीत?"

तिचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. तरी माझा नंबर लागला आणि तिचं वर्ष गेलं. याला आपण गुणवत्ता म्हणतो.

तुमचं घर परीक्षा केंद्राजवळ असेल, तर पुढच्या परीक्षेच्या आदल्या रात्री अशा एका मुलीसाठी अंथरूण घाला.