प्रणालीला खोली पाहिजे

बालगृहात वाढलेली चार माणसं एका ठिकाणी बसली की किस्से आपोआप साचत जातात, कोणाला मुद्दाम जमवावे लागत नाहीत. अडचण एकच, ते सांगायचे कोणाला? बाहेरच्या माणसाला सांगितले की तो "अरेरे" म्हणतो. आम्ही हसत हसत सांगतोय आणि समोरचा खिशात रुमाल शोधतोय, मग पुढचं सांगायचं कसं? मला या "अरेरे"चा भयंकर राग आहे. म्हणून आम्ही आपसातच सांगतो, माझ्या दुकानात बसून.

दुकान झेरॉक्सचं, गडचिरोलीत, कचेऱ्यांच्या रस्त्यावर. मी मीना. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडले, त्याला बरीच वर्षं झाली. माझ्यानंतर जे जे बाहेर पडले ते कागदांच्या प्रती काढायला इथेच येतात आणि मग बाकावर बसूनच राहतात. आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, नाव 'बाहेर'. नवीन कोणी बाहेर पडलं की त्याला खोली शोधून देणं, बँकेत नेणं, गॅसची शेगडी कशी लावायची ते दाखवणं, ही ग्रुपची कामं. या कामांत सगळ्यांच्या पुढे असतो गजू. तो माझ्याच वेळचा, समोरच मोटारसायकली दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईक नसलं की माझ्याकडे चहा पितो. गिऱ्हाईक असलं तरी पितो.

* * *

आमच्यातल्या बहुतेकांचा वाढदिवस एक जूनला येतो. खरी तारीख कोणालाच माहीत नव्हती, शाळेत नाव घालताना सगळ्यांना तीच लावून दिली. त्यामुळे आम्ही एकच केक आणतो. यंदा गजू आणायला गेला तेव्हा दुकानदाराने विचारलं, "केकवर नाव काय लिहू?"

गजू म्हणाला, "जागा किती आहे?"

त्याच केकवर प्रणाली अठराची झाली. नुकतंच एका कापडाच्या दुकानात तिला काम लागलं होतं, शेठ खूश होता. पण बालगृहात आता महिनाअखेरपर्यंतच राहता येणार होतं. पुढे मुलींचं अनुरक्षण गृह आहे, म्हणजे अठरानंतरची संस्था, पण ते दुसऱ्या जिल्ह्यात. तिकडे गेलं की काम गेलं. इथे राहायचं तर महिना संपायच्या आत स्वतःची खोली पाहिजे.

केकचा तुकडा हातात धरून ती मला म्हणाली, "ताई, पुन्हा लाइनीत ताट घेऊन नाई उभं राह्याचं मले."

मी माझा तुकडा खाली ठेवला. त्या दिवसापासून माझ्या पायाला जी भिंगरी लागली ती महिनाभर सुटली नाही. दुकानात मशीन चालू असायचं आणि माझं लक्ष रस्त्यावर, कुठे 'भाड्याने देणे' दिसतं का.

* * *

खोली मिळाली म्हणजे सगळं झालं असंही नाही. गजूचंच बघा. संस्थेत त्याची ड्युटी कायम स्वयंपाकघरात. भात त्याला उत्तम येतो, पण साठ जणांचा. बाहेर पडल्यावर पहिल्या दिवशी त्याने नव्या खोलीत भात टाकला, अंदाज कमी करत करत, कमी करत करत. तरी पातेल्यावरचं झाकण वर आलं. घमेलं आणलं, तेही भरलं. टाकवेना, म्हणून तो दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला बोलवू लागला.

गल्ली जेवून गेली. घरमालकाला वाटलं, पोराने गृहप्रवेशाचं जेवण दिलं. संध्याकाळी मालक, मालकीण, त्यांचे साडू असे तिघं नवे कपडे घालून स्टीलची बादली आहेर घेऊन आले.

गजू म्हणतो, "बादली कामाची निंगाली. पुढचा भात तिच्यातच शिजवला."

* * *

प्रणालीसाठी पहिली खोली बघायला आम्ही तिघं गेलो. कोणीतरी मोठं माणूस पाहिजे म्हणून गजूने पांढरा शर्ट इस्त्री करून घातला होता. नखांतलं ग्रीस मात्र निघालं नव्हतं. मालक खुर्चीत बसलेले. त्यांनी चहा दिला आणि हळूच विचारलं, "तुम्ही मुलीचे कोण?"

"मामा," गजू म्हणाला.

"काका," मी म्हणाले. एकाच वेळी.

मालकांनी आमच्याकडे पाहिलं, मग प्रणालीकडे. ती बिचारी कपबशीत बघत होती. ते शांतपणे म्हणाले, "पहिले घरी ठरवून या. मंग बोलू."

दुसऱ्या ठिकाणी पाटीच होती, 'खोली फक्त फॅमिलीसाठी'. प्रणाली पाटीसमोर उभी राहिली. "ताई, फॅमिली म्हणजे किती जण लागतात या मालकायले?"

"असतात चार-पाच."

"एवढेच? मी साठ आणू शकते."

गजू रस्त्यावर बसून हसला. मी हसले नाही, कारण महिना अर्धा संपला होता.

* * *

सरकारची मदत नाही असं मी म्हणणार नाही. आमच्यासारख्यांना बाहेर पडल्यावर दरमहा पैशांचा आधार मिळावा अशी सोय आहे. मी प्रणालीला घेऊन कचेरीत गेले. साहेब भले होते, त्यांनी स्वतः खुर्ची दिली. म्हणाले, अर्ज करा, फक्त राहत्या जागेचा पुरावा जोडा. आम्ही म्हटलं, जागाच शोधतोय. ते म्हणाले, मग आधी जागा घ्या. आम्ही म्हटलं, जागामालक विचारतात की भाड्याची हमी काय, मदतीचा आदेश असला तर दाखवता येईल. ते म्हणाले, आदेशासाठी जागेचा पुरावा लागतो.

असं दोनदा फिरून झालं. साहेबांच्याही लक्षात आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि अगदी मनापासून म्हणाले, "तुम्ही असं करा, मधूनच कुठून तरी सुरू करा."

बाहेर आल्यावर प्रणालीने विचारलं, "ताई, मधात म्हणजे कुठी?" मला त्या दिवशी खरंच रडू आलं. मी ते रागावर ढकललं आणि गजूला फोन करून विनाकारण झापलं.

* * *

हा किस्सा संस्थेतला, पण पुढे लागणार आहे. तिथे एक नियम होता: बाहेरून आलेली वस्तू ऑफिसात जमा करायची. नवी चप्पल असो, कोणी दिलेला पेन असो, कंपासची पेटी असो. लागेल तेव्हा मागायची, वापरून झाली की परत जमा. चोऱ्या-भांडणं नकोत म्हणून केलेला नियम, त्यात कोणाचं वाईट नव्हतं. पण लहानपणापासून हाताला तेच वळण.

गजू सातवीत पहिला आला तेव्हा एका पाहुण्यांनी त्याला पेढ्यांचा डबा दिला. एकही न खाता त्याने डबा जमा केला. नंतर परीक्षा, सुट्ट्या, ऑफिसातल्या मॅडम बदलल्या. शेवटी डबा परत मिळाला तेव्हा पेढ्यांना बुरशीची दाढी आली होती.

आम्ही विचारलं, "अरे, आधी का नाही मागितलास?"

तो म्हणाला, "कोणी घेतले नाई, याच्याच आनंदात होतो मी."

* * *

कमलाबाईचं घर तलावाच्या बाजूला. तलावातली मासोळी आठवडी बाजारात विकणारी बाई. नवरा गेलेला, मुलगी मुलचेऱ्याकडे दिलेली, घरात एकटीच. मागची एक खोली रिकामी आहे असं गजूला कळलं. महिना संपत आला होता. बालगृहातून दोनदा फोन येऊन गेला होता की पोरीची बॅग भरून ठेवली आहे.

या वेळी आम्ही नातं पक्कं ठरवून गेलो होतो. गजू आत्याचा मुलगा. वाटेत तीनदा म्हणून घेतलं. कमलाबाई अंगणात बसून मासे साफ करत होत्या. गजूने घसा खाकरला, तेवढ्यात प्रणालीच बोलली.

"बाई, हे दोघं माह्ये कोणी नाईत. म्हणजे आहेत, पण तसे नाईत. मी संस्थेत वाढली. मले खोली पाहिजे."

मला वाटलं, संपलं. कमलाबाईंनी मान वर केली नाही.

"मासोळी खातेस?"

"कधी खाल्ली नाई. संस्थेत नव्हते देत."

"वास चालन?"

"चालन."

"मंग ये. मागचा मास्तर नाक धरून पळाला इथून."

येताना गजू म्हणाला, "इस्त्रीचा शर्ट उगाच घातला."

* * *

माझा जीव भांड्यात पडला, पण तिथे आठवडाभरसुद्धा राहिला नाही. एका सकाळी कमलाबाई माशांची टोपली घेऊन थेट दुकानात आल्या आणि बाकावर बसल्या. कागदांना वास लागला.

"मीनाबाई, तुमची पोरगी खोली सोडून राह्यली का?"

"नाही हो. का?"

"मंग रोज सकाळी मले चाबी काऊन देते? कुलूप लावते, चाबी माह्या हातात ठेवते न चालली जाते. संध्याकाळी येऊन म्हणते, 'बाई, चाबी देता का?' भाडेकरू चाबी कवा देते? सोडून जातानी. मी म्हटलं, हिचं मन नाई लागून राह्यलं. काल एक कंपाउंडर आला होता खोली पाह्याले."

"तुम्ही काय म्हटलंत त्याला?"

"हो म्हटलं ना."

मी तिथूनच गजूला हाक मारली. तो कोणाची तरी गाडी अर्धवट उघडी टाकून पळत आला. आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो. जमा म्हणजे काय, चप्पल कशी जमा, पेन कसा जमा. बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा गजूने पेढ्यांचा किस्सा सांगितला, पार दाढीपर्यंत.

कमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आता "अरेरे" येणार म्हणून मी दात आवळून बसले होते.

"मंग पेढे कोणी खाल्ले?"

"कोणीच नाई. फेकले."

"फेकले?" बाई चांगल्याच संतापल्या. "डबाभर?"

टोपली उचलून पायरी उतरताना म्हणाल्या, "कंपाउंडरले नाई म्हणून सांगते मी. वासाचं सांगतलं का तो तसाही येत नाई."

* * *

सवय मात्र अशी सुटत नाही. दुसऱ्या दिवसापासून कमलाबाई चावी घेईनात, प्रणाली दिसली की हात पाठीमागे बांधत. मग प्रणाली ती माझ्याकडे जमा करायला आली. मी घेतली नाही. ती रस्ता ओलांडून गजूकडे गेली. त्याने पाना उगारला. शेवटी तिने काळ्या दोऱ्यात ओवून चावी गळ्यात घातली. पहिले काही दिवस ती सारखी हात लावून बघायची, आहे ना म्हणून.

* * *

परवा दुपारी गजू आणि मी चहा घेत होतो. प्रणाली दुकानात आली, जेवणाच्या सुट्टीत, धापा टाकत. गळ्यात दोरा होता. उजवी मूठ घट्ट मिटलेली.

"काय गं, काय झालं?"

"कमलाबाई मुलचेऱ्याले गेली. पोरीचं बाळंतपण आहे."

"बरं मग?"

तिने मूठ उघडली. हातात मोठी पितळी चावी होती, जुनी, माशांचा वास असलेली. तिच्याच कडीत कपाटाची लहान चावी.

"म्हणाली, घर पाह्यजो. कोंबड्या झाकजो. मी आली का दार तू उघडजो, मले बाहेर उभं नोको ठेवू." गजूने कप खाली ठेवला. तिचा तळहात तसाच आमच्यापुढे.

"ताई, ही कोणाकडे जमा करू?"